पंपाखालची टाकी आणि शेजारची विहीर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे–बंगळूर महामार्गावरील पेठ नाक्यापासून मिरज–पंढरपूर रस्त्यापर्यंत सांगली जिल्ह्यात कोठेही प्रवास केला, तरी थोड्या थोड्या अंतरावर पेट्रोल पंप लागतो आणि त्यांपैकी अनेकांच्या मागे ऊस, द्राक्षबाग किंवा राहती वस्ती असते. पंपाच्या फरशीखाली किती इंधन असते, ते गळले तर कोणाला कळते आणि कळल्यावर कोणाकडे जायचे, हे प्रश्न शेतकरी, सोसायट्यांचे पदाधिकारी, ग्रामपंचायत सदस्य आणि स्वतः पंपचालकही विचारत असतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

पंपावरचे इंधन जमिनीखालीच का साठवतात?

मुख्य कारण आग. पेट्रोलचा ज्वलनांक इतका खाली असतो की थंडीच्या दिवसांतही त्याची वाफ ठिणगी पडताच पेट घेऊ शकते. म्हणूनच २३ अंश सेल्सिअसखाली ज्वलनांक असलेल्या पदार्थांच्या ‘अ’ वर्गात कायद्याने पेट्रोलला बसवले आहे आणि डिझेल ‘ब’ वर्गात येते. टाकी पुरली की वाहनाची धडक, उन्हाचा तडाखा आणि आगीची झळ या तिन्हींपासून ती बऱ्याच अंशी सुरक्षित राहते, इंधनाचे तापमान फारसे बदलत नाही आणि बाष्पीभवनही कमी होते. मात्र जी गोष्ट आगीपासून वाचण्यासाठी डोळ्यांआड केली, तिची गळतीही डोळ्यांआडच होते. वर ठेवलेल्या टाकीखाली थारोळे साचले तर चहावाला पोरगाही ते पाहून ओरडेल. पुरलेल्या टाकीबाबत ओरडणारे कोणी नसते.

गळती नेमकी कोठून होते?

टाकीच्या तळालाच भोक पडते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात टाकीपासून डिस्पेन्सरपर्यंत (वाहनात इंधन भरणाऱ्या यंत्रापर्यंत) जाणारे पाइप, त्यांचे जोड, डिस्पेन्सरच्या बुडाशी असलेला खड्डा आणि टँकर रिकामा करतानाचे भरण्याचे तोंड ही ठिकाणे अधिक दगा देणारी असतात. टँकर उतरवताना होज काढण्याची घाई झाली किंवा टाकीत जागा किती आहे हे न पाहताच व्हॉल्व्ह उघडला, तर सांडलेले इंधन भेगांतून थेट खाली उतरते. दर वेळी तांब्याभरच सांडले, तरी वर्षभरात ते किती होते याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, आणि ती म्हणजे माती. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा आत जाईल इतकी भेगाळते. वर्षानुवर्षे चाललेल्या या ओढाताणीत पुरलेल्या पाइपांच्या जोडांवर ताण येतो. त्यातच वाळवा, मिरज, पलूस या भागांत पाटपाण्याच्या अतिवापराने क्षारपड झालेली जमीन मोठ्या प्रमाणावर आहे. क्षारयुक्त ओल्या मातीतून विजेचा सूक्ष्म प्रवाह सहज वाहतो आणि लोखंड गंजण्याची क्रिया मुळात विद्युत-रासायनिक असल्यामुळे अशा मातीत पोलादी टाकी वेगाने गंजते. ज्या जमिनीत ऊस तग धरत नाही, तिच्यात उघडे पोलाद तग धरेल अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे. त्यासाठी टाकीवर गंजरोधक लेप, तिच्याभोवती स्वच्छ वाळूचा भराव आणि शक्य तेथे कॅथोडिक संरक्षण (टाकीऐवजी मुद्दाम बसवलेला दुसरा धातू झिजू देण्याची पद्धत) हे उपाय योजले जातात. पाइपांसाठी न गंजणारे प्लास्टिकचे दुपदरी पाइप वापरण्याकडे आता कल आहे.

थेंब थेंब गळल्याने असा काय फरक पडतो?

हा हिशेब घरबसल्या करता येतो. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, असे धरू. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरच्या पुढे, आणि वर्षाला दीड हजार लिटरहून अधिक इंधन जमिनीत जाते. भारत स्टेज–६ मानकांनुसार पेट्रोलमध्ये बेंझिन हा विषारी घटक एक टक्क्यापर्यंत असू शकतो. ते पूर्ण एक टक्का धरले, तर लिटरभर पेट्रोलमधील बेंझिनचे वजन पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात बेंझिन १० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे. याचा अर्थ, केवळ एका लिटर पेट्रोलमधील बेंझिन त्या मर्यादेइतके विरळ व्हायचे, तर त्यासाठी सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी लागेल. प्रत्यक्षात सगळेच बेंझिन पाण्यात उतरत नाही, बरेचसे उडून जाते आणि काही जिवाणू खाऊन टाकतात. पण प्रमाणाची कल्पना यावी म्हणून हे गणित पुरेसे आहे.

बेंझिनमुळे माणसाला कर्करोग होतो हे निर्विवाद असून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात ठेवले आहे. दीर्घकाळ संपर्क आल्यास ते अस्थिमज्जेवर आघात करते. त्यातून रक्तक्षय आणि रक्ताचा कर्करोग उद्भवू शकतो. टोल्युइन व झायलिन ही त्याची भावंडे प्रामुख्याने मज्जासंस्थेवर परिणाम करतात, म्हणजे डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे.

पंपाखालून इंधन विहिरीपर्यंत कसे पोहोचते?

आपल्याकडे वर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असा थर असतो. पेट्रोल मुरुमातून खाली झिरपत भूजलाच्या पातळीपर्यंत जाते आणि पाण्याहून हलके असल्याने तेथे तवंगासारखे पसरते. त्यातले बेंझिनसारखे घटक हळूहळू पाण्यात विरघळतात आणि पाणी ज्या दिशेने वाहते त्या दिशेने पुढे जातात. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की तवंगही खाली उतरतो, पावसाळ्यात तो पुन्हा वर चढतो आणि या चढउतारात मधला सगळा मुरूम तेलकट करून ठेवतो. म्हणूनच एखाद्या विहिरीला वैशाखात वास येतो, आषाढात येत नाही आणि दिवाळीनंतर पुन्हा येतो. ‘गेला बरं का वास’ म्हणून निर्धास्त होण्याचे कारण नाही.

पाषाणातील भेगा हे वेगळेच प्रकरण आहे. वाळूत पाणी संथपणे आणि बऱ्यापैकी सगळीकडे पसरते. आपल्या बेसॉल्टमध्ये ते फटी शोधत जाते. त्यामुळे पंपापासून शंभर फुटांवरची विहीर कोरी राहून त्याहून लांबच्या बोअरला वास येणे अगदी शक्य आहे. केवळ अंतर मोजून ‘आपण लांब आहोत’ असे म्हणणे धोक्याचे असते. भूजलाचा उतार कोणीकडे आहे हे पाहावे लागते.

पाण्याला वास येत नाही. मग ते पिण्यास हरकत नाही ना?

वास येत असेल तर पाणी पिऊ नये, हे खरे. पण वास नाही म्हणून ते निर्धोक, असे नाही. पाण्यातील बेंझिन नाकाला जाणवते तोपर्यंत त्याचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या पुष्कळ पुढे गेलेले असू शकते. पाणी उकळणे हाही उपाय नव्हे. उकळल्याने बेंझिन पाण्यातून निघून स्वयंपाकघराच्या हवेत येते, म्हणजे पोटात जायचे ते नाकावाटे फुप्फुसात जाते. क्लोरीन किंवा तुरटीचाही येथे उपयोग नाही.

पाण्यावर इंद्रधनुषी पापुद्रा दिसला की तो तेलाचाच, असेही समजू नये. लोहयुक्त पाण्यात जिवाणूंमुळे तसाच पापुद्रा येतो. काडीने ढवळून पाहावे : जिवाणूंचा पापुद्रा काचेच्या कपच्यांसारखा तुटतो, तेलाचा तवंग फाटतो आणि पुन्हा एक होतो.

विहिरीला पेट्रोलचा वास येऊ लागला आहे. सर्वांत आधी काय करावे?

सर्वांत आधी काय करू नये, ते सांगतो. विहिरीत उतरण्यापूर्वी आत हवा आहे की नाही हे पाहण्यासाठी पेटता कंदील दोरीने खाली सोडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ज्या विहिरीला पेट्रोलचा वास येतो, तिच्यात हे कदापि करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असते, ती विहिरीच्या तळाशी साठून राहते आणि हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले की एक ठिणगी पुरते. याच कारणासाठी मोटार चालू-बंद करू नये, विडी-काडी जवळ नेऊ नये आणि गाळ काढायला किंवा पाहणीला माणूस आत उतरवू नये. आग लागली नाही, तरी आत तो बेशुद्ध पडू शकतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही.

त्यानंतर पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि अंघोळीसाठी ते पाणी बंद करावे. जनावरांनाही पाजू नये. तळघरात, गटारात किंवा विहिरीजवळ वास तीव्र असेल तर ११२ क्रमांकावर कळवून अग्निशमन दलाला बोलवावे. तक्रार तोंडी न ठेवता लेखी द्यावी आणि तिच्यावर पोहोच घ्यावी. ती ग्रामपंचायत किंवा नगरपालिका-महापालिका, जिल्हाधिकारी कार्यालय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सांगली येथील उपप्रादेशिक कार्यालय या तिघांकडे द्यावी. संबंधित पंप ज्या तेल कंपनीचा आहे तिच्या विक्री अधिकाऱ्यालाही प्रत द्यावी. ‘आमचा नव्हे, त्यांचा विषय’ हे उत्तर एकेका कार्यालयातून मिळतेच, म्हणून सर्वांना एकाच तारखेचे पत्र गेलेले बरे. सातारा जिल्ह्यातील वाचकांसाठी मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय सातारा येथे आहे.

पाण्याचा नमुना कसा घ्यावा?

शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत तर मुळीच नाही. बेंझिन प्लास्टिकमध्ये मुरते आणि झाकणाखालच्या मोकळ्या हवेत उडून जाते. काचेची स्वच्छ बाटली काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडाही न ठेवता बंद करावी, बर्फाच्या डब्यात ठेवावी आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावी. शक्यतो नमुना प्रयोगशाळेच्या माणसानेच घ्यावा, म्हणजे पुढे वाद होत नाही. तपासणी सांगताना नेमके शब्द वापरावेत : बेंझिन, टोल्युइन, इथिलबेंझिन, झायलिन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, गॅस क्रोमॅटोग्राफी पद्धतीने. पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू पाहतात; तो अहवाल ‘पिण्यास योग्य’ असा आला, तरी पेट्रोलबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

यासाठी आपल्याकडे कोणता कायदा आहे?

केवळ भूमिगत टाक्यांसाठी असा स्वतंत्र कायदा भारतात नाही. जे आहे ते चार-पाच ठिकाणी विखुरलेले आहे. मूळ कायदा १९३४ चा पेट्रोलियम अधिनियम आणि त्याखालील २००२ चे पेट्रोलियम नियम. त्यांची अंमलबजावणी करणारी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे सगळे जिला ‘पेसो’ म्हणतात ती, केंद्राच्या वाणिज्य व उद्योग मंत्रालयाखाली असून तिचे मुख्यालय नागपूरला आहे. पंपाचा आराखडा मंजूर करणे आणि साठवणुकीचा परवाना देणे हे काम तिचे. आडव्या दंडगोल टाक्यांची बांधणी, चाचणी व बसवणूक यांसाठी भारतीय मानक १०९८७ आहे आणि पंपावरील साठवण व वितरणासाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचे २२५ क्रमांकाचे मानक आहे. परवान्याआधी जिल्हाधिकाऱ्यांचा ना-हरकत दाखला लागतो. पोलीस, बांधकाम, नगररचना अशा विभागांचे अभिप्राय त्याच टप्प्यावर मागवले जातात. शेजारच्या जमीनमालकाला हरकत घ्यायची असेल तर तीही याच वेळी, लेखी घ्यावी. टाकी पुरल्यावर घेतलेल्या हरकतीला वजन कमी पडते.

या सगळ्या नियमांचा रोख स्फोट आणि आग यांवर आहे, आणि १९३४ साली तो तसा असणे स्वाभाविक होते. पाण्याची काळजी पुढच्या कायद्यांनी घेतली. १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमात ‘प्रवाह’ या शब्दाच्या व्याख्येत नदी-नाल्यांबरोबर भूगर्भातील पाण्याचाही समावेश आहे. विहिरीचे पाणी खराब झाले तर ‘नदीत तर काही सोडले नाही ना’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही. १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम आणि महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियमही लागू होतात. टाकी साफ करताना निघणारा तेलकट गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतो, तो पंपामागच्या खड्ड्यात ओतता येत नाही.

वस्तीपासून पंप किती अंतरावर असावा?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार शाळा, दहा किंवा अधिक खाटांचे रुग्णालय आणि स्थानिक कायद्याने निवासी ठरवलेले क्षेत्र यांपासून पंप ५० मीटरच्या आत नसावा. हे अंतर टाकी भरण्याचे तोंड, डिस्पेन्सर किंवा वाफ सोडणारा पाइप यांपैकी जे जवळ असेल त्यापासून मोजायचे असते, कुंपणापासून नव्हे. जागेची अडचण असल्यास पेसोने सांगितलेल्या जादा सुरक्षा उपाययोजनांसह ते कमी करता येते, पण कोणत्याही परिस्थितीत ३० मीटरखाली नाही. या सूचना नव्या पंपांसाठी आहेत, हे ध्यानात ठेवावे. गाव वाढत जाऊन जुन्या पंपाला भिडले असेल तर तेथे टाकीचे वय आणि तपासणीचा इतिहास हेच मुद्दे महत्त्वाचे ठरतात.

टाकी गळते आहे हे पंपचालकाला कसे कळते?

डिप रजिस्टरवरून. महागडी यंत्रे आहेत आणि ती हवीतच, पण शेजारच्या विहिरीचा पहिला राखणदार रोज सकाळी टाकीत सोडली जाणारी डिप रॉड आणि तिचे माप लिहून ठेवणारी वही हाच आहे, असे या विषयात मला ठामपणे वाटते.

रीत सोपी आहे. सकाळच्या मापाने टाकीत ९,४०० लिटर होते. दिवसभरात टँकर आला नाही. मीटरप्रमाणे विक्री २,१५० लिटर झाली. शिल्लक ७,२५० लिटर दिसायला हवी; दुसऱ्या दिवशी रॉड ७,२२८ दाखवते. बावीस लिटर कमी. एका दिवसाच्या बावीस लिटरवरून काहीही सिद्ध होत नाही. रॉडचे माप एक-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तरी एवढा फरक पडतो. उन्हात तापलेल्या टँकरमधले पेट्रोल थंड टाकीत उतरले की आकुंचन पावते. १२,००० लिटरचा माल पाच अंशांनी थंड झाला, तर तो ६०-७० लिटरने कमी भरतो आणि त्यात कोणाचीही चोरी नसते. म्हणूनच घनता १५ अंश तापमानावर आणून नोंदवायची असते. डिस्पेन्सर थोडे जास्त माप देत असेल तरी तूटच दिसते, आणि दुपारी तोटीतून काहीतरी परस्पर गेले तरीही तूटच.

पण रॉडचे माप आणि तापमान यांमुळे येणारा फरक आज उणे असतो, उद्या अधिक असतो. महिनाभराच्या नोंदी एकाखाली एक मांडल्यावर फरक रोज एकाच बाजूला, म्हणजे उणेच, दिसत असेल आणि विक्री कमी असलेल्या दिवशीही तो तसाच राहत असेल, तर टाकी किंवा पाइप गळत असल्याचा संशय घ्यावा. विक्रीच्या प्रमाणात तूट वाढत असेल तर दोष मीटरचा किंवा डिस्पेन्सरकडे जाणाऱ्या पाइपाचा. आणखी एक खूण म्हणजे पाणी. रॉडच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावून पाहतात. भूजल वर असताना टाकीत पाणी वाढत असेल तर ज्या छिद्रातून ते आत येते, त्याच छिद्रातून उन्हाळ्यात इंधन बाहेर जाणार. मोठ्या पंपांवर आता टाकीत स्वयंचलित मापक असतो आणि आकडा पडद्यावर दिसतो. त्यामुळे वही बंद झाली असेल तर ती पुन्हा सुरू करावी, कारण यंत्र आकडा सांगते, त्याचा अर्थ लावायला माणूस लागतो. काही ठिकाणी आठवडाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेल्या पाहिल्या आहेत. त्या वहीचा उपयोग तपासणी अधिकाऱ्याला होत असेल, विहिरीला नाही.

संशय आला तर पंपचालकाने काय करावे?

संशयित टाकीतून विक्री थांबवून तेल कंपनीला त्याच दिवशी कळवावे, टाकी रिकामी करून टाकी व पाइप यांची दाबचाचणी करवून घ्यावी. शेजाऱ्यांना सांगावे, हेही ओघाने आलेच. पण नेमके हेच राहून जाते. आग किंवा स्फोट झाल्यास पोलीस ठाणे आणि पेसोला कळवणे पेट्रोलियम अधिनियमाने बंधनकारक आहे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे टाकीवर काही परिणाम होतो का?

होतो. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने जे इथेनॉल तयार करतात, तेच आता २० टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये मिसळले जाते. शुद्ध पेट्रोल असताना टाकीत शिरलेले पाणी तळाशी वेगळे राहायचे आणि पेस्टने लगेच ओळखू यायचे. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी ठरावीक मर्यादेपुढे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर करून तळाशी बसतात, वरच्या पेट्रोलची प्रत घसरते आणि खालचा थर पोलाद गंजवतो. जुनी पेस्ट या थरावर नीट रंग दाखवीलच असे नाही, म्हणून इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठीची पेस्ट वेगळी घ्यावी. गळती झालीच, तर जमिनीतील जिवाणू आधी इथेनॉल खातात आणि त्यात प्राणवायू संपवून टाकतात; बेंझिन खायला तो उरत नाही, परिणामी बेंझिन अधिक दूरवर जाते. इथेनॉल वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. टाकीचे झाकण आणि पॅकिंग यांच्याकडे पूर्वीपेक्षा जास्त लक्ष द्यावे लागेल, एवढाच आहे.

महापुरात पंपाच्या टाक्यांचे काय होते?

सांगलीकरांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांनी शहर आणि नदीकाठची गावे पाण्याखाली घातली; आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती.

पुरात पुरलेली टाकी जमीन फोडून वर येऊ शकते. २०,००० लिटरची टाकी वीस टन पाणी बाजूला सारते आणि रिकाम्या टाकीचे स्वतःचे वजन असते जेमतेम दोन-तीन टन. उरलेला सगळा जोर तिला वर ढकलतो. टाकी पेट्रोलने पूर्ण भरलेली असली, तरी त्या पेट्रोलचे वजन पंधरा टनांच्या आसपासच होते, म्हणजे भरलेली टाकीही पाण्याहून हलकीच ठरते. ती जागेवर राहते ती वरच्या मातीच्या आणि काँक्रीटच्या भाराने आणि तळाच्या काँक्रीटला बांधणाऱ्या पोलादी पट्ट्यांनी. पूररेषेतल्या पंपाने या पट्ट्या आहेत की नाहीत हे आराखड्यावरून नव्हे, प्रत्यक्ष खात्री करून पाहावे.

नदी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की टाक्या शक्य तितक्या भरून घ्याव्यात. याउलट नुकसान टाळण्यासाठी टाकी रिकामी करण्याकडे चालकाचा स्वाभाविक कल असतो आणि टाकी तरंगते ती त्यामुळेच. त्यानंतर वीजपुरवठा तोडावा, भरण्याची तोंडे आणि डिपचे झाकण घट्ट बंद करावे, पाइपांचे व्हॉल्व्ह मिटावेत आणि शेवटचे डिप माप लिहून ती वही वरच्या मजल्यावर न्यावी. वाफ सोडणारा पाइप जमिनीपासून किमान चार मीटर उंच असतो, पण पुराचे पाणी त्याच्याही वर जाणार असेल तर त्यातून पाणी आत येणार हे गृहीत धरावे. पूर ओसरल्यावर टाकीत पाणी शिरले आहे का याची तपासणी, डिपची जुन्या मापाशी तुलना आणि दाबचाचणी झाल्याखेरीज विक्री सुरू करू नये. पंपाच्या परिसरातील विहिरींचे पाणीही त्या वर्षी एकदा तपासून घ्यावे.

बंद पडलेल्या पंपाची जागा घेत आहोत. काय पाहावे?

महामार्ग रुंद होतो, पंप हलतो आणि जमिनीखालची टाकी मात्र तेथेच राहते. अशी जागा घेताना टाक्या काढल्या की वाळूने भरून बंद केल्या, त्याआधी वायुमुक्त केल्याचा, म्हणजे आतली ज्वलनशील वाफ काढून टाकल्याचा, दाखला आहे का आणि परवाना रीतसर परत केला का, याची कागदपत्रे मागावीत. खड्ड्याच्या तळाच्या मातीची तपासणी झालेली नसेल तर ती खरेदीखतापूर्वी करून घ्यावी. जुनी टाकी भंगारवाल्याला देताना तर फारच जपावे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात इंधन नसले तरी वाफ आणि हवा दोन्ही असतात. तिला गॅस कटर लावणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण आहे.

शेतावर किंवा कारखान्यात डिझेलची स्वतःची टाकी ठेवता येते का?

एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत डिझेल, एकही भांडे १,००० लिटरहून मोठे नसेल तर, विनापरवाना ठेवता येते. त्यापुढे पेसोचा परवाना लागतो. विक्रीसाठी नसलेल्या पेट्रोलची विनापरवाना मर्यादा अवघी ३० लिटर आहे. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरसाठी विहिरीच्या काठावर मोटारीच्या खोलीतच डिझेलची पिंपे ठेवलेली सर्रास दिसतात. कायद्यात बसले तरी ते जागेत बसत नाही.

इतर देशांनी काय केले आहे?

अमेरिकेचे उदाहरण उपयोगी आहे, कारण त्यांनी चुकीची किंमत आधी मोजली. तेथे १९८४ मध्ये भूमिगत टाक्यांसाठी स्वतंत्र कायदेशीर तरतूद झाली आणि १९८८ मध्ये नियम आले. पाइपांसह एकूण आकारमानाच्या दहा टक्के किंवा अधिक भाग जमिनीखाली असेल तर ती टाकी ‘भूमिगत’, अशी व्याख्या केली. जुन्या टाक्यांना गंजरोधक संरक्षण, सांडण्यापासून आणि अति भरण्यापासून बचाव यांसाठी डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत दिली. न जमणाऱ्यांनी टाकी बंद करायची होती. गळती शोधण्याची तपासणी सर्वसाधारणपणे दर ३० दिवसांनी करावी लागते. इंधनावर गॅलनमागे सेंटच्या दहाव्या हिश्श्याइतका कर बसवून त्यातून स्वच्छतेचा निधी उभारला गेला. शोध सुरू झाल्यावर पाच लाखांहून अधिक टाक्यांची गळती नोंदली गेली. गळती तेथे आपल्यापेक्षा जास्त होती असा याचा अर्थ होत नाही. तेथे ती मोजली गेली.

नुकसानभरपाई मागता येते का?

येते. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भारतीय कायद्याचा भाग म्हणून मान्य केले आणि २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियमात ते कलमातच आहे. न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्याला आहे. भरपाई व पाणी-जमीन पूर्ववत करण्यासाठीचा अर्ज कारण उद्भवल्यापासून पाच वर्षांत करता येतो. तेथे उपयोगी पडतात ते तारखेसह दिलेले तक्रार अर्ज, प्रयोगशाळेचे अहवाल आणि शक्य झाल्यास गळतीपूर्वीच्या काळातील विहिरीच्या पाण्याचा एखादा अहवाल.

खराब झालेली विहीर पुन्हा चांगली होते का?

होते, पण महिन्यांत नव्हे, बहुधा वर्षांत. आधी गळती थांबवावी लागते. ती चालू असताना विहीर उपसत राहिले तर उलट तवंग विहिरीकडे ओढला जातो. मग तवंग उपसणे, तेलकट माती काढणे, मुरुमातील वाफ शोषून घेणे, पाण्यात हवा सोडणे आणि तेल खाणाऱ्या जिवाणूंचा वापर असे उपाय क्रमाने करतात. आपल्या देशात ‘टेरी’ या संस्थेने असे जिवाणू विकसित केले असून तेलगळतीच्या अनेक ठिकाणी ते वापरले गेले आहेत. काळ्या पाषाणाच्या भेगांत अडकलेले इंधन मात्र सहजी निघत नाही, आणि उपसलेले पाणी ओढ्यात सोडून दिले तर एका विहिरीचा प्रश्न खालच्या दहा विहिरींचा होतो.

पंपाजवळ नवीन बोअर घ्यायचे आहे. घ्यावे का?

पिण्यासाठी असेल तर शक्यतो पंपाच्या वरच्या अंगाला, म्हणजे भूजल ज्या बाजूने पंपाकडे येते त्या बाजूला घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात परिसराच्या भूजलाची माहिती मिळते. वरच्या मुरुमाच्या भागात केसिंग पाइप नीट बसवून त्याच्या बाहेरची पोकळी सिमेंटने बंद करून घ्यावी, नाहीतर आपले बोअरच वरचे दूषित पाणी खोल पाषाणात नेणारी वाट होते. पहिले पाणी लागले की लगेच वर सांगितलेली तपासणी करून तो अहवाल जपून ठेवावा.